हुगळीकाठचे घर



आपल्यापैकी पुष्कळांचे वास्तव्य आज महाराष्ट्राबाहेर आहे. कोणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त गेले आणि तिकडचेच झाले, कोणी सैन्यातून निवृत्त होऊन परप्रांती घर बांधले, तर कोणाची मुले समुद्रापलीकडे आहेत. अशा घरांत वाढदिवस उजाडतो, नाताळ येतो, नववर्षाची मध्यरात्रीची उपासना होते. करंज्या तळल्या जातात, नवे कपडे अंगावर येतात, प्रार्थनाही होते. तरी त्या दिवशी घरातील एखादी व्यक्ती क्षणभर गप्प होते. ती का गप्प झाली हे सर्वांस ठाऊक असते व कोणी विचारीत नाही.

अशाच एका परदेशस्थ घराविषयी मी आज आपणांशी बोलणार आहे. घर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. डॉ. विल्यम केरी यांचे नाव ज्याने ऐकले नाही असा ख्रिस्ती वाचक विरळा. भाषांतरकार केरी, छापखान्याचे केरी, सती प्रथेविरुद्ध झगडणारे केरी आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु त्यांच्या घरात वाढदिवस कसे येत, आनंदाचे दिवस कोणते असत आणि त्या दिवशी घरातील कोणती खोली बंद असे, हे आपण फारसे विचारीत नाही.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर. पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. मुलगा चांभारकाम शिकावयास राहिला. १० जून १७८१ रोजी, वयाची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, पिडिंग्टन गावी डॉरथी प्लॅकेट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू वराहून काही वर्षांनी मोठी होती. तिला लिहिता येत नव्हते. विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली आहे. वाचकहो, ही फुली लक्षात ठेवा. पुढे ज्या पुरुषाने आपल्या देशाच्या कितीतरी भाषांचे व्याकरण लिहिले, त्याच्या पत्नीपाशी आपली व्यथा माहेरी कळविण्यापुरतीही लेखणी नव्हती. केरींच्या घराविषयी आपण जे काही जाणतो ते लिहिणाऱ्यांनी लिहिले म्हणून जाणतो. डॉरथीबाईंच्या बाजूने त्यांच्या स्वतःच्या हातचे काही बोलत नाही.

त्यांच्या दोन मुली इंग्लंडातच बालवयात देवाघरी गेल्या. फेलिक्स, विल्यम व पीटर हे तीन मुलगे होते. केरी चांभारकाम, शाळा व मंडळीची सेवा अशी तिहेरी ओढाताण करीत होते. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि हिंदुस्थानास जाण्यास केरी सिद्ध झाले. डॉरथीबाई त्या वेळी गरोदर होत्या. आपल्या गावापासून दूर कधी न गेलेल्या त्या स्त्रीने जाण्यास साफ नकार दिला. तो नकार ऐकून अनेक चरित्रकारांनी तिच्या विश्वासाचे मोजमाप केले आहे. मला ते कधीच पटले नाही. पोटात मूल, पदराशी तीन मुले, समोर पाच महिन्यांचा समुद्र, इंग्लंड-फ्रान्स युद्ध नुकतेच पेटलेले आणि पतीच्या हाती कंपनी सरकारचा परवानाही नाही, अशा स्थितीत आपल्यापैकी कोणाची लेक नको म्हणाली असती तर आपण तिला काय म्हटले असते?

केरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. परवाना नसल्यामुळे त्यांना जहाजावरून उतरविण्यात आले. एरवी ही आपत्तीच. पण त्या खोळंब्यामुळे त्यांना आणि त्यांचे सहकारी डॉ. जॉन थॉमस यांना पुन्हा पिडिंग्टनला जाण्यास अवसर मिळाला. बाळ तीन आठवड्यांचे झाले होते. डॉरथीबाईंनी पुन्हा नकार दिला. दोघे परत फिरले. परंतु थॉमस वाटेतून एकटेच मागे आले व त्यांनी परोपरीने विनविले. अखेर, धाकटी बहीण किटी सोबत येत असेल तर येते, असे बाई म्हणाल्या. चोवीस तासांच्या आत संसार आवरून ते कुटुंब बाहेर पडले. १३ जून १७९३ रोजी डोव्हरहून एका डॅनिश जहाजाने त्यांना घेतले.

बाळाचे नाव जेबेझ. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात पहिल्या इतिहासाच्या चौथ्या अध्यायात आपण ते याबेस असे वाचतो. आईने दुःखाने प्रसविला म्हणून तेथे ते नाव पडले आहे. आईबापांनी हेच नाव का निवडले असेल, हे फार स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

त्या जहाजाच्या कप्तानाचे आडनाव गमतीचे होते. त्याचे नाव कॅप्टन ख्रिसमस! सज्जन मनुष्य होता. केरी कुटुंबास त्याने चांगली खोली दिली व आदराने वागविले. गंमत अशी की, ज्यांना त्याने नेले ते लोक नाताळ पाळणारे नव्हते. तत्कालीन इंग्लंडातील बाप्टिस्ट आणि त्यांच्यासारखे इतर स्वतंत्र मंडळ्यांचे लोक प्रभूच्या दिवसाखेरीज दुसरा कोणताही सण शास्त्राने नेमलेला मानीत नसत. आज आपल्या मंडळ्यांत नाताळच्या ताऱ्यावाचून डिसेंबर उजाडत नाही. त्यामुळे त्या घरात नाताळचे गोडधोड व सजावट शोधू गेल्यास आपली निराशा होईल. त्यांचे सण वेगळे होते. त्यांतले काही तारखेने ठरलेले, काही देवाने अवचित दिलेले.

केरींचा बत्तिसावा वाढदिवस भर समुद्रात आला. अकरा नोव्हेंबरच्या सुमारास कुटुंब कलकत्त्यास उतरले. पुढील सात महिने म्हणजे नुसती वणवण. थॉमस यांच्या हातून पैसा पाण्यासारखा गेला. केरी आपल्या माणसांना घेऊन बांडेलला गेले, तेथून माणिकतल्यास, तेथून सुंदरबनच्या दलदलीत. चार्ल्स शॉर्ट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने ओळखदेख नसता त्यांना आपल्या बंगल्यात आश्रय दिला. पुढे त्याच्याशीच किटीचा विवाह झाला. विवाह आनंदाचा खरा. परंतु जिच्या आधारावर डॉरथीबाई घराबाहेर पडल्या, ती बहीण आता त्यांच्यासोबत राहिली नाही.

१७९४ च्या उन्हाळ्यात माल्डाच्या बाजूस मुदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर केरींना व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. पगार मिळू लागताच त्यांनी सोसायटीस कळविले की, आता आपल्या खर्चासाठी काही पाठवू नये. मागितले ते एवढेच: कोयते, विळे, नांगराची चाके आणि दरवर्षी बागेची बियाणी, त्यांचेही पैसे आपण चुकते करू. परदेशी राहणाऱ्या मनुष्याची ही मागणी मला फार बोलकी वाटते. त्यांना गावाकडचे काहीतरी आपल्या अंगणात उगवलेले पाहावयाचे होते.

तेथे केरींना तेहेतीस वर्षे पूर्ण झाली आणि दोनच महिन्यांत, ऑक्टोबर १७९४ मध्ये, पाच वर्षांचा पीटर अतिसाराने गेला. केरी स्वतः तापातून उठत होते. जातीच्या बंधनामुळे खड्डा खणावयास किंवा देह उचलावयास कोणी पुढे येईना. बापाला आजारी अंगाने माणसे शोधीत फिरावे लागले. अखेर काही मुसलमानांनी खड्डा खणला. इंग्लंडात एखाद्या मुलाच्या प्रेतयात्रेस सारे गाव लोटते. तेथे त्या कुटुंबास आपले लेकरू एकाकी पुरावे लागले. पत्र जाऊन उत्तर येण्यास वर्ष लोटे. म्हणजे पीटर आपल्याला भेटावयास कधी येणार, असे आजोबांनी विचारले तर ते पत्र नातू मातीत गेल्यावरही कित्येक महिने समुद्रावर असावयाचे.

डॉरथीबाईंचे मन त्यानंतर सावरले नाही. १७९५ पासून त्यांच्या ठायी मतिभ्रमाची स्पष्ट चिन्हे दिसू लागली. पतीविषयी त्यांना विलक्षण संशय येई. त्या त्यांच्यामागे रस्त्यावर जात व चारचौघांत निंदा करीत. एकदोन वेळा जिवावर बेतण्यासारखे प्रसंग आले. जानेवारी १७९६ मध्ये त्याच घरात जोनाथन जन्मला. स्नेह्यांनी सुचविले की, बाईंना वेड्यांच्या रुग्णालयात ठेवावे. त्या काळी अशा रुग्णालयांतून रोग्यांचे काय हाल होत हे केरींना माहीत होते. त्यांनी नकार दिला आणि पत्नीला घरीच ठेवले.

आता आपण हुगळी नदीच्या काठी येऊ. ब्रिटिश मुलखात नव्या मिशनऱ्यांना थारा नव्हता. म्हणून १० जानेवारी १८०० रोजी केरी आपले कुटुंब घेऊन डेन्मार्कच्या सत्तेखालील श्रीरामपूर या गावी आले. तेथे मार्शमन पतिपत्नी, मुद्रक विल्यम वॉर्ड आदी मंडळी आधीच उतरली होती. सर्वांनी मिळून एक मोठे घर घेतले. एकच स्वयंपाकघर, एकच लांब मेज, एकच तिजोरी. प्रत्येकाची कमाई त्या तिजोरीत पडे. दर शनिवारी संध्याकाळी सर्व मोठी माणसे एकत्र बसत आणि आठवड्यात कोणाचे कोणाविषयी मन दुखावले असेल तर ते रविवार उजाडण्यापूर्वी मोकळे करीत. ज्यांनी एकत्र कुटुंबात संसार केला आहे, त्यांना ही शनिवारची बैठक किती आवश्यक होती ते ठाऊक असेल.

या घराने केरींची मुले वाचविली असे म्हटले तर अतिशयोक्ती नव्हे. आई आजारी, बाप पहाटेपासून रात्रीपर्यंत पुस्तकांत; मुले अगदी रानोमाळ झाली होती. केरी स्वभावाने सौम्य, मुलांवर रागावणे त्यांना जमत नसे. हॅना मार्शमनबाईंनी त्या चौघांना आपल्या पदराखाली घेतले आणि वॉर्ड यांनी फेलिक्स व विल्यम यांना छापखान्यात आपल्याजवळ उभे केले. हट्टी, तापट फेलिक्स खिळे जुळवता जुळवता मवाळ झाला व प्रभूकडे वळला.

त्या कुटुंबाचे सण मी म्हणतो ते येथे दिसतात. २४ एप्रिल १८०० हा दिवस त्यांनी खास उपकारस्तुतीसाठी नेमला. मंडळीची घडी बसली, केरींची पाळक म्हणून निवड झाली. पण त्या वर्षाचा खरा सण अगदी शेवटी आला.

कृष्ण पाल नावाचा एक सुतार नोव्हेंबरच्या अखेरीस नदीवर स्नानास गेला असता घसरून पडला व त्याचा खांदा निखळला. डॉ. थॉमस यांनी तो बसविला आणि त्याच वेळी त्याला तारणाची वार्ता सांगितली. २२ डिसेंबरला कृष्ण व त्याचा सोबती गोकुळ यांनी मिशनच्या मेजावर बसून उघडपणे अन्न घेतले. गावात आरडाओरड झाली. लोकांनी कृष्णाला खेचीत न्यायाधीशापुढे उभे केले. डॅनिश अधिकाऱ्यांनी त्याचे रक्षण केले. गोकुळाचा व घरच्या स्त्रियांचा धीर ऐन वेळी खचला. कृष्ण एकटा उरला. २८ डिसेंबर, वर्षाचा शेवटचा रविवार, बाप्तिस्म्यासाठी ठरला होता. त्याच वेळी फेलिक्सलाही बाप्तिस्मा मिळावयाचा होता.

वाचकहो, ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. घाटावर इंग्रज, डॅनिश, पोर्तुगीज, हिंदू, मुसलमान अशी गर्दी. गव्हर्नर बी हे वृद्ध गृहस्थ आले आहेत; त्यांच्या डोळ्यांना पाणी येत आहे. केरी एका हाताशी आपला पुत्र व दुसऱ्या हाताशी आपला बंगाली भाऊ घेऊन पायऱ्यांकडे येत आहेत. सात वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली तो हा दिवस. प्रथम फेलिक्स पाण्यात उतरतो, मग कृष्ण. दुपारी प्रभुभोजन प्रथमच बंगाली भाषेत होते.

आणि त्याच वेळी एकीकडे शाळेच्या इमारतीत डॉ. थॉमस यांना बंद करून ठेवावे लागले होते. पंधरासोळा वर्षे ज्या फळाची आस धरली ते दिसताच त्यांचे मन आनंदाने फाटून गेले व त्यांना वेडाचा झटका आला होता. दुसरीकडे आपल्या खोलीत डॉरथीबाई ओरडत होत्या. थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्यास त्याची आई घाटावर नव्हती. स्तोत्राचे सूर व त्या किंकाळ्या एकाच अंगणात ऐकू येत होत्या. वॉर्ड यांनी त्या दिवसाची नोंद ठेवताना आनंद तेवढा लिहून हे वगळले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी वगळले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पुढील मार्चमध्ये आणखी एक सोहळा झाला. बंगाली नव्या कराराची पहिली बांधीव प्रत प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवण्यात आली. मिशनचे सर्व कुटुंब व नवे बंगाली ख्रिस्ती असे सारे तिच्याभोवती उपकारस्तुतीसाठी जमले. मुलांना त्या दिवशी किती अभिमान वाटला असेल! त्या पानांतील कित्येक खिळे फेलिक्सच्या बोटांनी जुळविले होते. आपल्या घरात बारशाला जे स्थान, ते त्या घरात अशा प्रतीला होते. पुढे असे प्रसंग अनेक आले. आपणा मराठी वाचकांचाही त्यात वाटा आहे. फोर्ट विल्यम महाविद्यालयात केरी मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साह्याने त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण व १८१० साली मोडी लिपीत मराठी कोश छापला. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये व मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. ती भाषा आज वाचताना आपल्याला अडखळावयास होते. मीही अडखळतो, आणि माझ्या आजच्या वाक्यांना दोनशे वर्षांनी कोणी अडखळेल हेही मला दिसते.

एप्रिल १८०३ मधील एक लग्न मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कृष्ण पालाच्या कन्येचा विवाह कृष्णप्रसाद या ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती तरुणाशी झाला. घरासमोरच्या झाडाखाली केरींनी बंगालीत विवाहविधी चालविला. सायंकाळी वधूपित्याच्या घरी जेवणास मिशनची मंडळी गेली. परदेशी आलेले कुटुंब आजवर यजमान होते. आपल्या मेजावर ते इतरांना बोलावीत. त्या रात्री प्रथमच ते पाहुणे म्हणून एका बंगाली बंधूच्या घरी, त्याच्या पंक्तीला जेवले. परदेश घर केव्हा होतो, असे मला कोणी विचारले तर मी ती रात्र दाखवीन.

डॉरथीबाई त्या पंगतीत नव्हत्या. बारा वर्षे त्या तशाच राहिल्या. पलीकडच्या खोलीत त्या असत आणि अलीकडच्या खोलीत केरी शास्त्राचे भाषांतर करीत. याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, केवढी ही सहनशीलता! कोणी म्हणतात, केवढी ही निष्ठुरता! जो मनुष्य पत्नीला बेडीत घालू देत नाही आणि बारा वर्षे तिचा आवाज शेजारी ऐकतो, त्याला निष्ठुर म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. परंतु सहनशीलतेचे गुणगान करतानाही माझी लेखणी थांबते. कारण ते सोसणे अखेर दोघांचे होते आणि त्यातले एकच सोसणे आपण गौरवितो.

येथे स्वतःविषयी थोडे लिहिले तर क्षमा करावी. काही वर्षांपूर्वी एका भाषांतर-बैठकीत एका क्रियापदावर आम्ही दिवसभर वाद घातला आणि मी रात्री फार उशिरा घरी पोहोचलो. त्या दिवशी धाकट्या मुलीचा वाढदिवस होता. मेज आवरले होते. माझ्या वाट्याचा केकचा तुकडा ताटलीखाली झाकून ठेवला होता, आणि ती झोपली होती. त्या अध्यायाचे काम चांगले झाले, एवढे खरे. तो तुकडा मी उभ्यानेच खाल्ला. केरींच्या पलीकडच्या खोलीविषयी वाचताना मला ती ताटली आठवते.

८ डिसेंबर १८०७ रोजी पंधरा दिवसांच्या तापाने डॉरथीबाईंचा अंत झाला. पुढील मे महिन्यात केरींनी शार्लट रूमोर या डॅनिश प्रजाजन असलेल्या बाईंशी विवाह केला. इतक्या लवकर म्हणून सहकाऱ्यांनीही प्रथम नाराजी दाखविली. शार्लटबाई प्रकृतीने अधू होत्या, पण त्यांना अनेक भाषा येत आणि पतीचे काम त्यांना कळत असे. तेरा वर्षे त्या घरात शांती होती. मे १८२१ मध्ये त्याही गेल्या. पुढे तिसरा विवाह ग्रेस ह्यूज या विधवा बाईंशी झाला. त्यांनी म्हातारपणी केरींची मनापासून शुश्रूषा केली.

आता ते बियाण्यांचे सांगतो. श्रीरामपुरात केरींनी सुमारे पाच एकरांची वनस्पतींची बाग लावली होती. सूर्योदयापूर्वी तेथे फिरत प्रार्थना करणे हा त्यांचा नेम. मुलगे दूर दूर गेले: फेलिक्स ब्रह्मदेशी, विल्यम बंगालच्या अंतर्भागात, जेबेझ १८१४ मध्ये मोलक्का बेटांतील अम्बोयना येथे. त्यांना पाठविलेल्या पत्रांत बाप उपदेश तर करीच, त्याबरोबर तिकडची रोपे, कंद, पक्षी धाडण्यास सांगे. एकदा इंग्लंडातून बियाण्यांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर केरींनी ती रिकामी पिशवी बागेच्या एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तेथे एक ओळखीचे पान दिसले. ते डेझीचे रोप होते. इंग्लंडात कुरणाकुरणांत पायाखाली तुडविले जाणारे ते इवलेसे पांढरे फूल. कोणी ते मुद्दाम लावीतही नाही. तीसएक वर्षे त्यांनी ते पाहिले नव्हते आणि पुन्हा पाहण्याची आशाही धरली नव्हती. त्यांना झालेला आनंद त्यांनी मित्रास लिहून कळविला व बंगालच्या उन्हात ते रोप टिकत नाही म्हणून दरवर्षी बी धरून पुन्हा पुन्हा ते उगवून घेतले. जेम्स माँटगोमेरी या कवीने या प्रसंगावर एक कविताच लिहिली. केरी चाळीस वर्षांहून अधिक काळ या देशात राहिले आणि एकदाही मायदेशी गेले नाहीत. त्यांना कोणी न जाण्याचे कारण विचारी तेव्हा ते कामाचे कारण देत. पण मायदेश त्यांनी विसरला होता असे म्हणणाऱ्याने या डेझीकडे पाहावे. अर्धांगाने कित्येक दशके अंथरुणास खिळलेल्या आपल्या मेरी या बहिणीस ते पत्रे व पैसे पाठवीत राहिले. ती धड राहिलेल्या हाताने कष्टाने लिहून उत्तर देई. भावाबहिणीचा उत्सव होता तो एवढाच.

दुःखे थांबली नाहीत. १८१४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा त्रेपन्नावा वाढदिवस होऊन पंधरवडा लोटतो तोच, इरावती नदीत जहाज उलटून फेलिक्सची पत्नी व मुले बुडाली. तो पोहून वाचला, पण मनाने वाहून गेला. काही वर्षे भटकून तो श्रीरामपुरास परतला, पित्याशेजारी बसून भाषांतरे करू लागला आणि नोव्हेंबर १८२२ मध्ये वारला.

१७ ऑगस्ट १८३१ रोजी केरींना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी त्यांनी जेबेझला पत्र लिहिले. हे तेच दुःखाने प्रसविलेले बाळ. आता अडतीस वर्षांचा मिशनरी. एवढ्या कीर्तीचा मनुष्य सत्तरीच्या दिवशी आपण काय केले याची यादी लिहील, असे आपल्याला वाटेल. पत्रात तसे काही नाही. आपण जिवंत आहोत हेच देवाच्या दयेचे स्मारक आहे, असे ते म्हणतात. मागे वळून पाहता लाजून धुळीस मिळावे असेच पुष्कळ दिसते, असे म्हणतात. प्रभूच्या कामात झालेली हयगय, त्याच्या आज्ञांचा झालेला भंग ते स्वतः मोजतात आणि ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तावाचून आपल्याला दुसरी आशा नाही, असे मुलाला सांगतात. काहींना हे वाढदिवसाचे पत्र फार उदास वाटते. मला वाटते, ज्या मुलाने ते उघडले त्याला त्यातले काही असे वाचता आले असेल जे आपल्याला वाचता येत नाही. ती हयगय कोणती आणि कोणाविषयी, हे त्याने बाळपणी त्या घरात पाहिले होते.

पुढील वर्षी बंगाली शास्त्राची अखेरची सुधारणा पूर्ण झाली. शरीर थकले. बागेत चालवेनासे झाले तेव्हा त्यांना खुर्चीतून नेत. ९ जून १८३४ रोजी पहाटे ते प्रभूकडे गेले. दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरच्या मिशनच्या स्मशानभूमीत त्यांना पुरले. डेन्मार्कचा ध्वज अर्ध्यावर उतरविलेला होता.

त्यांनी मृत्युपत्रात दफनविधीविषयी सूचना करून ठेवल्या होत्या. विधी अगदी साधा असावा. शार्लटबाईंच्या शेजारी जागा असावी. दगडावर पदव्या, ग्रंथ, भाषा यांचा उल्लेख नसावा. नाव आणि १७ ऑगस्ट १७६१ ही जन्मतारीख लिहावी, मृत्यूच्या तारखेची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, आणि खाली आयझॅक वॉट्स यांच्या एका गीतातील दोन ओळी. तो दगड आजही तेथे आहे. डॉरथीबाईही त्याच भूमीत आहेत. आपल्यापैकी कोणी कलकत्त्यास गेले तर हावड्याहून श्रीरामपूर लोकल गाडीने फार दूर नाही. स्मशानभूमीत त्यांची जागाही विचारून घ्यावी.